फोनवरून कलम शिकताना हात दिसू द्या



गेल्या पावसाळ्याच्या तोंडी एका ताईंना मी फोनवरच्या व्हिडिओतून आंब्याचे कोयकलम शिकवले. फोन त्यांच्या मुलाने समोर धरला होता. मला ताईंचा चेहरा दिसे, हात दिसत नसत. "कळलं का ताई?" असे मी विचारी. "हो साहेब," असे त्या म्हणत. पंधरा दिवसांत वीसपैकी सतरा काड्या वाळल्या. पट्टी सैल बसली होती. चूक ताईंची नव्हे, माझी होती.

१९७५-७६ साली उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत दूरचित्रवाणी पोचली. तीत शेतीचे कार्यक्रमही असत. पण ती वाट एकेरी होती. शिकवणाऱ्याला गावकऱ्यांचे हात दिसत नसत. आज फोनने वाट दुहेरी केली आहे. तिचा पुरा उपयोग करून घ्या.

तीन काठ्यांची तिवई करून तीवर फोन घट्ट बांधा. फोन खांद्यामागे, थोडा उंचावर आणि हातांकडे झुकलेला असावा. शिकवणाऱ्यानेही आपला फोन तसाच लावावा. तो समोर तोंड करून बसला, तर त्याचा उजवा हात तुम्हाला डावीकडे दिसतो आणि चाकू धरताना गोंधळ होतो. उजेड बाजूने घ्या. कॅमेऱ्याच्या समोरून आला तर हात काळे दिसतात.

फोनवर आवाज क्षणभर उशिरा पोचतो. म्हणून चाकू चालू असताना सूचना नको. आधी सांगावे, मग काप घ्यावा, मग थांबावे. 'असे', 'इकडे' म्हणण्याऐवजी 'उजव्या हातातला चाकू', 'खाचेचा तळ' असे नाव घेऊन सांगावे.

काडीची पाचर, रोपाची खाच, जुळलेली साल, पट्टी, हे सारे एकेक करून कॅमेऱ्याजवळ दाखवा. शिकवणारा "पुढे चला" म्हणेपर्यंत थांबा. पट्टी किती घट्ट आहे ते चित्रात कळत नाही. म्हणून काडी बोटाने हलकेच हलवून दाखवा. ती सरकली, तर पट्टी सोडून पुन्हा बांधा.

ताईंनी त्याच पावसाळ्यात याच रीतीने पुन्हा वीस कलमे बांधली. त्यांपैकी चौदा फुटली. तुम्हीही पहिल्या दिवशी दोनच रोपे घेऊन बसा, आणि फोन लावल्यावर सर्वांत आधी विचारा, "साहेब, माझे हात दिसतात का?"