घड्याळ कोणाच्या मनगटासाठी?

जोयडा तालुक्यातील रामनगर येथे आमचे दादा राहतात. सुपे धरणात जुने सुपे बुडाले, तेव्हा तेथून उठलेली अनेक कुटुंबे या गावी वसली. त्यांतलेच आमचे एक. दादांच्या मनगटावर वर्षानुवर्षे एचएमटीचे ‘जनता’ घड्याळ. 1961 साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने बंगळुरात सुरू झालेला तो कारखाना 2016 मध्ये बंद झाला, पण सकाळी पूजा आटोपली की घड्याळाला किल्ली द्यायची हा दादांचा नेम काही मोडला नाही.

वहिनी गेल्या आणि दादा पोफळीच्या बागेत एकटेच जाऊ लागले. पुण्याच्या चिरंजीवांना काळजी वाटली. त्यांनी वडिलांस ‘स्मार्ट’ घड्याळ धाडले. नाडी मोजणारे, पावले मोजणारे आणि मुख्य म्हणजे, माणूस पडला तर घरच्यांना कळविणारे! रोज चार्जिंगला लावावे लागते म्हणून दादांनी कुरकुर केली नाही. किल्लीची सवय होतीच.

परीक्षा घेतली ती पावसाने. बोटाच्या स्पर्शाने काचेवरील विद्युत्भारात पडणारा फरक ओळखून हा पडदा चालतो. पाण्याच्या थेंबांनीही तसाच फरक पडतो. त्यामुळे मुसळधार पावसात पडदा आपल्याच मनाने चाळे करी आणि दादांच्या बोटाला मात्र दाद देत नसे. कडेला दाबायची एखादी खरीखुरी कळ असती, तर हा प्रश्नच उद्भवला नसता. उन्हात वाचता येईल अशी तबकडी आणि चष्म्याविना दिसतील एवढी ठसठशीत अक्षरे, याही गोष्टी शोभेच्या चाळीस तबकड्यांहून अधिक मोलाच्या, असे माझे मत.

श्रावणात दादा शेवाळावरून घसरले. घड्याळाने पडणे ओळखले, हे कबूल केले पाहिजे. (2018 साली ॲपलने आपल्या घड्याळात ही सोय आणली, जोराने पडून माणूस मिनिटभर निश्चल राहिला, तर ते आपण होऊन मदतीस फोन लावते.) परंतु बागेत रेंज कुठली? उपग्रहांचे संकेत नुसते ऐकून घड्याळ आपले ठिकाण जाणू शकते. ते दुसऱ्याला कळवायचे, तर दादांच्या घड्याळाला मोबाइलचे जाळे लागते. पडद्यावर चक्र फिरत राहिले. संदेश गेला, अशा समजुतीने दादा घोटा धरून तासभर तेथेच बसून राहिले. शेवटी शेजारचा मुलगा गुरे शोधत आला, म्हणून बरे!

पुण्याहून आलेले चिरंजीव म्हणाले, “बाबा, मला काहीच कळले नाही हो.”

संदेश न जाणे हा डोंगराचा दोष; पण तो गेला नाही हे न सांगणे हा घडविणाऱ्याचा. एकदा जोराने थरथरून ‘निरोप पोहोचला नाही’ एवढे ते म्हणते, तरी दादांनी हाक मारली असती.

आता दादा डाव्या हातात ‘जनता’ आणि उजव्या हातात नवे घड्याळ घालतात. बागेत जाताना, किती वाजता परतणार ते शेजारी सांगून जातात. ती वेळ मात्र ‘जनता’त पाहून सांगतात.