डिजिटल छायाचित्रणातील कृष्णधवल व रंगीत पर्यायांची निवड : एक विवेचन

प्रस्तावना :
फिल्मच्या काळात छायाचित्र कृष्णधवल असावे की रंगीत, हा निर्णय कॅमेऱ्यात रोल भरतानाच होत असे. डिजिटल तंत्रामुळे तो चित्र टिपल्यानंतरही घेता येतो. ही सोय मोठी असली, तरी निर्णय पुढे ढकलता येतो म्हणून तो अनेकदा विचाराविनाच घेतला जातो. संशोधन प्रकल्प, क्षेत्रभेटी व महाविद्यालयीन नियतकालिके यांसाठी छायाचित्रांचा वापर वाढलेला असल्याने या निवडीमागील तत्त्वे समजून घेणे अध्यापकांसाठीही आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखात या निवडीच्या तांत्रिक व आशयात्मक अशा दोन्ही बाजूंचा विचार केला आहे.

तांत्रिक बाजू :
डिजिटल कॅमेऱ्याचा सेन्सर मुळात रंग ओळखत नाही; तो केवळ प्रकाशाची तीव्रता मोजतो. कोडॅक कंपनीतील अभियंता स्टीव्हन सॅसन यांनी 1975 मध्ये तयार केलेला पहिला डिजिटल कॅमेरा कृष्णधवलच होता. रंगांची नोंद होण्यासाठी सेन्सरवर लाल, हिरव्या व निळ्या सूक्ष्म गाळण्यांची जाळी बसवावी लागते. त्याच कंपनीतील ब्राइस बायर यांना 1976 मध्ये पेटंट मिळालेल्या रचनेत निम्म्या गाळण्या हिरव्या, तर लाल व निळ्या प्रत्येकी एक चतुर्थांश असतात. प्रत्येक बिंदूचे उरलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून गणिताने ठरवले जातात.

रंगीत चित्राचे कृष्णधवल रूपांतर करताना या तीन रंगांना वेगवेगळे भार दिले जातात. प्रचलित सूत्रानुसार लाल रंगास 0.299, हिरव्यास 0.587 व निळ्यास 0.114 इतका भार असतो. याचा परिणाम लक्षात घेण्याजोगा आहे. 255 मूल्याचा शुद्ध लाल आणि 130 मूल्याचा शुद्ध हिरवा हे दोन्ही रंग या सूत्राने सुमारे 76 या एकाच राखाडी छटेत उतरतात. म्हणजेच हिरव्या पानांमधील लाल फूल डोळ्यांना ठळक दिसले, तरी कृष्णधवल चित्रात ते पानांत विरून जाऊ शकते. संगणकावर हे भार बदलून फूल उजळ अथवा गडद करता येते. मात्र त्यासाठी मूळ रंगीत नोंद उपलब्ध असावी लागते. कॅमेऱ्यातच कृष्णधवल पर्याय निवडून केवळ जेपेग स्वरूपात चित्र साठवल्यास रंगांची माहिती कायमची नष्ट होते. रॉ स्वरूपात मात्र ती सुरक्षित राहते.

आशयाची बाजू :
रंग हाच जेथे आशय असतो, तेथे तो वगळणे म्हणजे आशय वगळणे होय. जेजुरी येथे उधळला जाणारा भंडारा कृष्णधवल चित्रात फिकट राखाडी धुळीसारखा दिसेल. त्यातील हळदीचा संदर्भच हरवेल. याउलट चेहऱ्यावरील सुरकुत्या, दगडी शिल्पाचा उठाव किंवा वाड्यातील छायाप्रकाश यांत आकार, पोत व प्रकाश यांना महत्त्व असते. तेथे पार्श्वभूमीवरील एखादी भडक प्लास्टिकची बादली लक्ष विचलित करते आणि कृष्णधवल पर्याय उपयुक्त ठरतो.

तथापि, गंभीर विषयास कृष्णधवल व आनंदी विषयास रंगीत, अशी सरधोपट विभागणी टिकत नाही. भोपाळ येथील डिसेंबर 1984 च्या वायुदुर्घटनेनंतर एका अनोळखी बालकाच्या दफनाचे छायाचित्र रघू राय यांनी कृष्णधवल, तर पाब्लो बार्थोलोम्यू यांनी रंगीत टिपले. बार्थोलोम्यू यांच्या चित्रास त्या वर्षीचा वर्ल्ड प्रेस फोटो पुरस्कार लाभला. राय यांचे चित्रही त्या दुर्घटनेचे प्रतीक म्हणून जगभर ओळखले गेले. एकाच शोकाला दोन्ही पर्यायांनी न्याय दिला. रघुबीर सिंग यांनी तर भारतीय जीवनाच्या चित्रणासाठी रंग हेच माध्यम आग्रहाने स्वीकारले.

दस्तऐवजीकरणातील दक्षता :
वनस्पती, वस्त्रे, चित्रकला किंवा मृदा यांच्या नोंदीत रंग हा पुरावा असतो. अशी चित्रे कृष्णधवल छपाईत दिल्यास पुरावाच दुर्बळ होतो. छपाई कृष्णधवल होणार असेल, तर रूपांतर छापखान्यावर न सोपवता ते स्वतः करून पाहावे आणि जे दाखवायचे आहे ते वेगळे दिसते की नाही, हे तपासावे. मूळ रंगीत फाइल स्वतंत्रपणे जतन करावी. रूपांतर केलेले असल्यास चित्राखाली तसा उल्लेख करणे हे संशोधनाच्या प्रामाणिकपणास धरून होईल.

निष्कर्ष :
डिजिटल छायाचित्रणात नोंद रंगीत ठेवावी आणि निवड आशयानुसार करावी, असे सूत्र मांडता येते. रंग काढून टाकल्यावर चित्राचा अर्थ अधिक स्पष्ट होतो की क्षीण होतो, हा एकच प्रश्न निर्णायक आहे. सदोष रंग झाकण्यासाठी किंवा चित्रास जुनेपणाचा आभास देण्यासाठी केलेले कृष्णधवल रूपांतर या कसोटीवर उतरत नाही. निर्णय चित्र टिपल्यानंतर घेता येत असला, तरी त्याचा विचार चित्र टिपण्यापूर्वीच सुरू व्हावयास हवा.