नोंदीला आधार कोठून आणावा?

अंधेरीच्या एखाद्या विद्यार्थ्याने मराठी विकिपीडियावर महाकाली लेण्यांविषयी मोठ्या उमेदीने चार परिच्छेद लिहावेत आणि काही दिवसांतच त्यांवर ‘संदर्भ हवा’ असा शेरा पडावा, किंवा मजकूरच वगळला जावा, असे पुष्कळदा घडते. मजकूर खोटा असतो असे नव्हे; तो कोठून घेतला हे सांगितलेले नसते, एवढेच. विद्यार्थी हिरमुसतो व पुन्हा त्या वाटेस जात नाही. नुकसान त्याचे थोडे, मराठीचे अधिक होते.

हा नियम जाचक वाटला तरी अनाठायी नाही. डॉ. केतकरांच्या ज्ञानकोशामागे संपादकाची विद्वत्ता उभी होती. १९७६ साली ज्याचा पहिला खंड निघाला त्या मराठी विश्वकोशास तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्यासारखे प्रमुख संपादक लाभले. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियात मात्र कोणीही लिहू शकतो. तेथे लेखकाच्या नावास वजन नाही. वजन आहे ते आधारास. तो आधारही काढून घेतला, तर कोश आणि कट्ट्यावरील गप्पा यांत अंतर ते काय राहिले?

प्रश्न आहे तो खर्चाचा. वाक्य लिहिण्यास दोन मिनिटे पुरतात. त्याचा आधार शोधण्यास दोन दिवस लागतात. हा सारा भार नवख्याच्या एकट्याच्या माथी मारणे न्याय्य नाही. उपनगरांच्या बाबतीत तर शोधाची दिशाच सहसा चुकते. आज मुंबईची म्हणून ओळखली जाणारी ही गावे साष्टी बेटावरची, म्हणजे पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यातली. अंधेरी व घाटकोपर १९५० साली, तर बोरिवली व मुलुंड १९५७ साली बृहन्मुंबईत आली. त्यामुळे बोरिवलीनजीकच्या कान्हेरी लेण्यांचे विस्तृत वर्णन मुंबईच्या नव्हे, तर १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरात सापडते. ही एक गोष्ट जाणत्याने आरंभीच सांगितली, तर नवख्याचा आठवडा वाचतो.

खरे साहाय्य ते हेच. कोणते बटण दाबावे हे कोणीही शिकवील. कोणते पुस्तक उघडावे हे शिकविणारा दुर्मिळ. ग्रंथाचे नाव, लेखक, वर्ष आणि पृष्ठांक टिपून ठेवण्याची सवय, जुन्या गॅझेटियरातील विधान नंतरच्या संशोधनाशी ताडून पाहण्याची दक्षता आणि उतारा जसाच्या तसा न उचलता स्वतःच्या शब्दांत मांडण्याची शिस्त, या गोष्टी शेजारी बसूनच शिकविता येतात. आणखी एक सावधगिरी अगत्याची आहे. कित्येकदा वृत्तपत्रातील मजकूर विकिपीडियावरूनच घेतलेला असतो आणि पुढे तोच तेथे पुरावा म्हणून जोडला जातो. आपल्याच सावलीस साक्षीला बोलाविण्यासारखा हा प्रकार होय.

तथापि, जे कधी छापलेच गेले नाही त्याचे काय? मुलुंडच्या मिठागरांतील श्रम, अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीभोवतीची बदलत गेलेली वस्ती, गावठाणांतील नावे यांतील बरेच काही केवळ वृद्धांच्या स्मरणात आहे. ते थेट विकिपीडियात घालता येत नाही. प्रथम त्यास ग्रंथरूप वा लेखरूप यावे लागते. तेव्हा ग्रंथालयांनी आणि महाविद्यालयांच्या इतिहास-मंडळांनी अशा आठवणी टिपून, पडताळून प्रसिद्ध करण्याचे काम हाती घेतले पाहिजे. शिक्षकांनीही वर्षातून एकदा प्रत्येक विद्यार्थ्याकडून आपल्या गावाविषयीचे एकच वाक्य, पण पृष्ठांकासह, लिहून घ्यावे. आधार नसलेल्या चार परिच्छेदांपेक्षा आधार असलेले ते एक वाक्य अधिक टिकेल. आणि ते लिहिणारा विद्यार्थीही.