पांढरी मुसळी आणि 'अँटिऑक्सिडंट'



'अँटिऑक्सिडंट' हा शब्द हल्ली चहाच्या पुड्यापासून शक्तिवर्धक पावडरीच्या डब्यापर्यंत सगळीकडे छापलेला असतो. त्याचा अर्थ काय आणि तो ठरवतात कसा, हे आपण पांढऱ्या मुसळीच्या उदाहरणावरून पाहू.

ही वनस्पती आपल्या शेजारच्या डांगच्या जंगलात पावसाळ्यात उगवते. महाराष्ट्रात तिच्या कोवळ्या पानांची फोडशीची भाजी करतात. तिच्या 'क्लोरोफायटम बोरिव्हिलिएनम' या शास्त्रीय नावात मुंबईचे बोरिवली आहे.

कापलेले सफरचंद हवेतील ऑक्सिजनमुळे तपकिरी पडते, लिंबू चोळले तर पडत नाही. ऑक्सिजनमुळे होणारी अशी हानी रोखणारा पदार्थ म्हणजे अँटिऑक्सिडंट.

मुसळीच्या मुळांत पॉलिसॅकराइड, म्हणजे साखरेच्या कणांच्या लांब साखळ्या असतात. भेंडीचा चिकटपणाही अशाच साखळ्यांचा. त्या वेगळ्या काढण्यासाठी सुकवलेल्या मुळांची पूड गरम पाण्यात ढवळतात, गाळतात आणि द्रावण आटवतात. त्यात तीन-चार पट अल्कोहोल घातले की साखळ्या विरघळलेल्या राहत नाहीत, पांढरा साका खाली बसतो. मग त्यातील प्रथिने व बारीक कण काढून टाकतात.

आता ओळख पटवायची. फिनॉल आणि सल्फ्युरिक आम्ल घातल्यावर येणाऱ्या नारिंगी-पिवळ्या रंगावरून साखरेचे प्रमाण कळते. ही पद्धत 1956 साली प्रसिद्ध झाली. साखळी आम्लाने तोडली की तिच्यात कोणत्या साखरा आहेत तेही समजते. शेवटी डीपीपीएच या जांभळ्या द्रावणात नमुना घालतात. रंग फिका पडून पिवळा झाला, तर नमुना अँटिऑक्सिडंट आहे.

पण इथेच सावध राहायला हवे. साका नीट शुद्ध केला नसेल, तर त्याला चिकटलेली इतर द्रव्येच रंग घालवतात आणि श्रेय मात्र साखळीला मिळते. शिवाय मुसळीतील फ्रुक्टॅनसारख्या साखळ्या आपल्याला पचत नाहीत. त्या मोठ्या आतड्यापर्यंत जातात आणि तिथले जिवाणू त्या खातात. म्हणून परीक्षानळीत जे घडले ते शरीरातही घडेलच असे नाही. पालकांना आमची विनंती, केवळ डब्यावरचा शब्द वाचून मुलांना पावडर देऊ नये. आधी डॉक्टरांना विचारावे.

आणखी एक गोष्ट. पान खुडले तर पुन्हा फुटते, मूळ उपटले की रोपच जाते. बेसुमार खोदाईने जंगलातली मुसळी विरळ झाली आहे. शेतकरी मुळे काढताना कोंब असलेला भाग पुढच्या लागवडीसाठी राखून ठेवतात. जंगलातून घेतानाही तेवढे भान आपण ठेवायला हवे.