शाळेचा वाफा व त्याचा हिशेब

अंधेरी, बोरिवली, मुलुंड या बाजूंचीं कैक भातखाचरें बिनशेती झालेलीं महसूल खात्यांत कारकुनी करितांना प्रस्तुत लेखकानें दप्तरीं पाहिलीं. तेथील मुलांस शेतकी विषय शिकवून काय उपयोग, असा प्रश्न कित्येक बंधु करितात.

त्याचें उत्तर देणारे गृहस्थ अंधेरींतूनच निघाले. डॉ. श्रीनाथ कलबाग हे तेथील हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रांत शास्त्रज्ञ होते. ती नोकरी सोडून त्यांनीं १९८३ सालीं पुणें जिल्ह्यांतील पाबळ या अवर्षणग्रस्त गांवीं विज्ञान आश्रम स्थापिला. ते २००३ सालीं निवर्तले; त्यांचें कार्य पुढें चालू राहिलें. आश्रमानें सिद्ध केलेल्या ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ या अभ्यासक्रमांत ८ वी ते १० वीचीं मुलें आठवड्यांतून एक दिवस शेती व पशुपालन, यंत्रकाम, ऊर्जा आणि गृह व आरोग्य हे विषय प्रत्यक्ष करून शिकतात. कामाचा खर्च मांडणें हाही त्या शिक्षणाचाच भाग होय.

आमच्या मतें खरें मर्म या हिशेबांत आहे. लेखकानें एका शाळेंत मुलांकडून केवळ गवत उपटून घेतलेलें पाहिलें. पीक कोणतें, लाभ कोणाचा, हें त्यांस ठाऊकच नव्हतें. तें शिक्षण नव्हे, वेठ होय.

उपनगरांत गुंठाभर, म्हणजे १२१ चौरस वार, जागाही दुर्मिळ. तथापि १० फूट लांब व ४ फूट रुंद वाफा अंगणांत, तो न मिळाल्यास गच्चीवर कुंड्या, एवढें पुरे. प्रथम मुलांनीं मुगाचे १०० दाणे ओल्या गोणपाटांत गुंडाळून ठेवावे व कांहीं दिवसांनीं मोड मोजावे. ७० रुजले तर १०० रोपांसाठीं सुमारें १४३ दाणे लागतील. फळ्यावरील त्रैराशिक येथें हातीं येतें. आणि निकस बियाण्यानें शेतकऱ्याचें किती बुडतें, हेंही कळतें.

पुढें प्रत्येक मुलानें आपल्या वाफ्याची नोंद ठेवावी. सातबाऱ्यांतील बारावा नमुना ही पिकांचीच नोंदवही. तीच पद्धत घ्यावी. पेरणीचा दिवस, पाणी, खत, कीड, उत्पन्न व खर्च, सर्व लिहावें. तोटा आल्यास तोही खोडूं नये. तोट्याचें कारण शोधणारा मुलगा पुढें शेत करो वा कचेरींत बसो, भाजीचा भाव करितांना शेतकऱ्याचे कष्ट विसरणार नाहीं.

शिक्षक बंधूंनीं येत्या पावसाळ्यांत एक तरी वाफा काढावा आणि आपला अनुभव या मासिकास अवश्य कळवावा, ही विनंती.