दाणा आपला, कडबा बैलाचा, ग्लुकोज दोघांचं

छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीवर एके काळी पाण्याच्या जोरावर धान्य दळलं जायचं आणि बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात येणाऱ्या यात्रेकरूंची पोटं त्या पिठावर भरायची. जात्यात पडायचा तो मुख्यतः स्टार्च. ज्वारी घ्या, गहू घ्या, सिल्लोड-कन्नडचा मका घ्या, दाण्यात सर्वांत मोठा वाटा त्याचाच. वनस्पती आणि शेवाळं हा स्टार्च बनवतात कसा, मोडतात कसा आणि आपल्या यकृतातल्या ग्लायकोजेनशी त्याचं नातं काय, या प्रश्नांनी जीवरसायनशास्त्रज्ञांच्या पिढ्यान् पिढ्या गुंतवून ठेवल्या. त्यांच्या हाती लागलेल्या या काही चटकदार गोष्टी.

१. जोड बदलला, जेवणारा बदलला
ज्वारीच्या दाण्यातला स्टार्च ग्लुकोजचा आणि कडब्यातलं सेल्युलोजही ग्लुकोजचंच. फरक फक्त एक ग्लुकोज दुसऱ्याला कोणत्या बाजूने चिकटलाय एवढाच. आपल्या लाळेतलं अमायलेज स्टार्चचे जोड तोडतं, सेल्युलोजपुढे मात्र हात टेकतं. बैलालाही ते स्वतःला जमत नाहीच. त्याच्या पोटातले सूक्ष्मजीव कडबा फोडून देतात, म्हणून त्याचं भागतं.

२. भाकरीला उकळतं पाणी का?
ज्वारीत ग्लुटेन नाही, त्यामुळे पीठ गव्हासारखं ताणलं जात नाही. म्हणून ते उकळत्या पाण्यात भिजवायचं. साधारण ७० अंशांच्या पुढे ज्वारीतल्या स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, फुटतात आणि चिकट होतात. भाकरी थापताना कडा फाटत नाहीत, त्या याच चिकटपणामुळे. भाकरी गार झाली की सुट्या झालेल्या साखळ्या पुन्हा एकमेकींना बिलगतात आणि ती कडक होते. फ्रिजमध्ये हे आणखी झपाट्याने होतं. शिळ्या भाकरीतला थोडा स्टार्च लहान आतड्यात पचतही नाही. तो मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंच्या वाट्याला जातो.

३. खिसा आणि पेव
ग्लायकोजेन म्हणजे खिशातले सुट्टे पैसे आणि स्टार्च म्हणजे पेवात भरून ठेवलेली ज्वारी. ग्लायकोजेनच्या साखळीला दर ८ ते १२ ग्लुकोजनंतर फांदी फुटते. टोकंच टोकं असल्यामुळे लागेल तेव्हा पटापट ग्लुकोज सुटतं. स्टार्चमधल्या अमायलोपेक्टिनला फांद्या साधारण २० ते २५ ग्लुकोजनंतर, त्याही झुपक्याने. त्यामुळे साखळ्या दाटीवाटीने बसतात आणि पाण्यात न विरघळणारे घट्ट कण तयार होतात. आपल्या यकृतात जेमतेम १०० ग्रॅम ग्लायकोजेन मावतं. कडक उपवास केला तर ते साधारण दिवसभरात संपत येतं. ज्वारीच्या दाण्यातला साठा मात्र पेरणीपर्यंत टिकतो.

४. दोरीने बांधलेली खुर्ची आणि नोबेल
ग्लायकोजेन कसं मोडतं हे उलगडणाऱ्या कार्ल आणि गर्टी कोरी या पतिपत्नींना १९४७ मध्ये नोबेल मिळालं. त्यांच्या प्रयोगशाळेत काही काळ काम केलेले अर्जेंटिनाचे लुईस लेलोइर पुढे स्वतःही १९७० मध्ये रसायनशास्त्राचे नोबेलविजेते झाले. साखळी वाढवण्यासाठी नुसतं ग्लुकोज चालत नाही, त्याला आधी एका न्यूक्लिओटाइडची जोड द्यावी लागते, हे त्यांनी दाखवलं. प्राणी त्यासाठी यूडीपी-ग्लुकोज वापरतात, वनस्पती स्टार्चसाठी एडीपी-ग्लुकोज. हे लेलोइर मोडकी खुर्ची दोरीने बांधून वापरायचे, तिचं छायाचित्र प्रसिद्ध आहे. मेयोनीज आणि केचप कालवून बनणारा ‘साल्सा गोल्फ’ हा सॉसही तरुणपणी त्यांनीच शोधला, असं अर्जेंटिनात सांगतात.

५. कारखाना कधी चालू, कधी बंद?
१९६६ मध्ये हरप्रसाद घोष आणि जॅक प्राइस यांनी पालकाच्या पानांवर काम करून स्टार्चनिर्मितीची किल्ली कुठे आहे ते दाखवलं. एडीपी-ग्लुकोज बनवणारं एन्झाइम प्रकाशसंश्लेषणात तयार होणाऱ्या एका पदार्थाने जोमात येतं आणि फॉस्फेटने मंदावतं. म्हणजे ऊन भरपूर असेल तेव्हा साठवण, नसेल तेव्हा थांबा. पुढे १९९२ मध्ये अशाच एन्झाइमचं, लगाम न जुमानणारं जिवाणूतलं रूप बटाट्यात घातलं गेलं आणि त्या बटाट्यात स्टार्च वाढला.

६. पानाला भागाकार येतो
दिवसा साठवलेला स्टार्च पान रात्री खातं. पण किती वेगाने? मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस या चिमुकल्या झाडावर इंग्लंडच्या जॉन इन्स सेंटरमध्ये यावर काम झालं. बारा तास उजेड मिळणाऱ्या झाडांचे दिवे एके दिवशी अचानक आठव्या तासालाच मालवले. झाडांनी स्टार्च मोडण्याचा वेग असा कमी केला की शिल्लक नेमकी पहाटेपर्यंत पुरली. उरलेला स्टार्च भागिले उरलेली रात्र, असा हा हिशेब झाड रासायनिक पद्धतीने कसा करत असावं, याचं गणिती प्रारूप २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं.

७. लोणारच्या पाण्यात ग्लायकोजेन
संभाजीनगरहून साधारण दीडशे किलोमीटरवर लोणारचं उल्कासरोवर आहे. त्याच्या खारट, अल्कधर्मी पाण्याचा पीएच १० च्या आसपास असतो. ते पाणी हिरवं दिसतं ते बरंचसं स्पिरुलिनासारख्या सायनोबॅक्टेरियांमुळे. जून २०२० मध्ये तेच गुलाबी झालं तेव्हा मिठात रमणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग असल्याचं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सांगितलं. गंमत अशी की ‘नीलहरित शेवाळ’ म्हणवली जाणारी स्पिरुलिना स्टार्च नाही, ग्लायकोजेन साठवते, तुमच्या-आमच्या यकृतासारखं. आणि वनस्पतींच्या पेशीतलं हरितलवक अशाच एका प्राचीन सायनोबॅक्टेरियापासून आलेलं आहे. म्हणजे आजच्या स्टार्चच्या घराण्यात आधी ग्लायकोजेन होतं.

८. एक एन्झाइम गळालं, मका गोड झाला
मग ग्लायकोजेनचा स्टार्च झाला कसा? फ्रान्समधल्या लील इथल्या स्टीव्हन बॉल यांच्या गटाने १९९६ मध्ये क्लॅमिडोमोनास या एकपेशीय हिरव्या शेवाळात उत्तर शोधलं. नको त्या फांद्या छाटणारं एन्झाइम बिघडलं की शेवाळ स्टार्चऐवजी ग्लायकोजेनसारखा विरघळणारा पदार्थ बनवतं. जुन्या वाणांच्या स्वीट कॉर्नचं गुपितही हेच. त्यातलं छाटणीचं एन्झाइम बिघडलेलं असतं, म्हणून दाणा गोड आणि मऊसर लागतो. मेंडेलच्या सुरकुतलेल्या वाटाण्याचं नेमकं उलट होतं. त्यात फांद्या लावणारं एन्झाइम निकामी असतं, हे १९९० मध्ये कळलं.

९. शेवाळांची वेगवेगळी चूल
हिरवी शेवाळं स्टार्च हरितलवकाच्या आत ठेवतात. मालवण-रत्नागिरीच्या खडकांवर वाढणारी लाल शेवाळं आपला स्टार्च हरितलवकाबाहेर, पेशीद्रवात साठवतात. तपकिरी शेवाळं दोन्ही सोडून लॅमिनारिन बनवतात. तेही ग्लुकोजचंच, पण जोड वेगळा, त्यामुळे आयोडीन टाकलं तरी स्टार्चसारखं निळं होत नाही.

१०. बटाटाही श्वास घेतो
टोपलीतला बटाटा जिवंत असतो आणि साठवलेला स्टार्च साखर करून जाळत असतो. या जाळण्याच्या शेवटच्या टप्प्यातलं सायटोक्रोम सी हे प्रथिन वनस्पतींच्या ऊतींतही असतं, हे केंब्रिजमध्ये बटाट्यावर काम करताना दाखवलं कमला सोहोनी यांनी. बाई म्हणून बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी आधी त्यांना प्रवेश नाकारला होता. त्यांनी हट्टाने तो मिळवला आणि १९३९ मध्ये अवघ्या ४० पानांच्या प्रबंधावर केंब्रिजची पीएच.डी. घेतली. दुर्गा भागवत त्यांच्या बहीण. जाता जाता एक टीप: बटाटे फ्रिजमध्ये ठेवू नका. थंडीत त्यांच्यातल्या स्टार्चची साखर होते आणि तळताना ते काळपट पडतात.

११. आता तुमची पाळी
कमलाबाई पुढे ग्राहक चळवळीतही उतरल्या. त्यांची आठवण ठेवून एक प्रयोग घरी कराच. दूध उकळून पूर्ण गार करा आणि चमचाभर दुधात टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाका. निळा रंग आला तर दुधात स्टार्च मिसळलेला आहे. गार करायला विसरू नका, गरम असताना हा निळा रंग दिसत नाही. पनीरचा तुकडाही पाण्यात उकळून, गार करून असाच तपासता येतो. तपासलेलं दूध-पनीर फेकून द्या आणि रंग निळा आलाच, तर गप्प न बसता अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा.