सेफ्टी शूज घेताना

चाकण-भोसरीच्या कारखान्यांत नव्याने कामाला लागणाऱ्यांनी आधी बुटावरचा आयएसआय मार्क आणि ‘आयएस १५२९८ भाग २’ हा क्रमांक पाहावा. या बुटाची बोटांवरची टोपी २०० ज्यूलचा आघात सोसते, म्हणजे २० किलोचा तुकडा साधारण एक मीटरवरून पडला तरी बोटं वाचतात. भाग ३ मध्ये हीच मर्यादा १०० ज्यूल असते. भाग ४ च्या बुटाला टोपीची अटच नाही, म्हणून क्रमांक नीट वाचा.

माप संध्याकाळी, कामावरचेच जाड मोजे घालून घ्यावं. दिवसभर उभं राहून पाय सुजलेले असतात. चामडं सैल पडतं, टोपी कधीच नाही. दुकानात बोट टोपीला टेकलं, तर ‘वापरून सैल होईल’ या आश्वासनावर अजिबात विसंबू नका.

पीयू (पॉलियुरेथेन) सोल हलका, पण वर्षानुवर्षं पडून राहिला की ओलाव्याने भुगा होतो. उत्पादनाची तारीख बघा. फाउंड्रीत, गरम धातूजवळ नायट्रिल रबरच हवा.

टोपीवर एकदा जबर वजन पडलं की वरून धड दिसला तरी तो जोड बाद करा.